यादीत नसलेली गोळी

९ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, त्याबद्दल आधीच कान पकडते. बोलता येत नसेल तर माणूस लिहील जास्त, असं तुला वाटेल. पण आवाज बसला की हातही बसतो, हे मला या वयात कळलं.

हो, आवाज अजून बसलेलाच आहे. सकाळी उठते तेव्हा घशात कोणी भुसा भरून ठेवल्यासारखं वाटतं. तोंडात आंबट चव, छातीच्या मधोमध जळजळ. फुलबाजारात सव्वीस वर्षं मी लिलाव पुकारते आहे. पत्र्याच्या एवढ्या मोठ्या शेडमध्ये मला कधी कर्णा लागला नाही. आता चाळीस गाड्यांची फुलं पुकारून झाली की पुढच्या साठ गाड्यांना नुसती खरखर ऐकू येते.

शेवटच्या बाकावर खांबाला टेकून बसणारे ते गुलाबवाले गृहस्थ तुला आठवत असतील. बोलीला वर होणारे सगळ्यांचे हात दिसतात म्हणून ते वर्षानुवर्षं तिथेच बसतात. नोव्हेंबरात ते एक दिवस दोन बाक पुढे आले. डिसेंबरात आणखी तीन. परवा पहिल्या बाकावर, अगदी माझ्या नाकासमोर येऊन बसले. तोंडाने अवाक्षर नाही. कोणी टोमणा मारला असता तर मी दोन परत दिले असते. या सरकत सरकत पुढे येण्याला काय उत्तर देऊ?

बाजार समितीने आकडे दाखवणारा विजेचा फलक आणून ठेवला आहे. ताडपत्री घालून कोपऱ्यात उभा केलाय, जणू मला तो दिसतच नाही. अध्यक्ष म्हणाले की बारा मार्चचा हंगामातला पहिला मोठा लिलाव तुम्ही पूर्ण पुकारलात तर प्रश्नच नाही, नाहीतर तुम्हाला गाड्यांची नोंद करायच्या खिडकीत छान खुर्ची देऊ. छान खुर्ची म्हणे.

घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नाकातून दिव्याची नळी घालून त्यांनी आत पाहिलं. गाठबीठ काही नाही, हे मी आधी विचारून घेतलं. पोटातलं आम्ल वर येऊन घशाचा मागचा भाग लाल झालाय म्हणाले. दोन महिन्यांचं औषध दिलंय. कॉफी, चॉकलेट, तिखट, सिगारेट, दारू यांतलं काय काय घेता असं विचारत होते. मी म्हटलं, यांतलं एकही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही असं त्यांच्या भुवयांवरून वाटलं.

दादाने मात्र धीर सोडलेला नाही. खास माझ्यासाठी दुप्पट तेलाच्या पेपरमिंटच्या गोळ्या करून पाठवतो. डबी उघडली की शेजारच्या टेबलावरच्याचे डोळे पाणावतात. त्या नसत्या तर माझा दिवस निभला नसता.

तुझ्या पोटाचं काय? मुरडा थांबला का?

लोभ आहेच, तो माझ्या आवाजासारखा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी
(भोंगा म्हणायचात तो आता वाजत नाही, म्हणून तशी सही करत नाही.)


१६ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राखालची सही मी लाल पेनने खोडली आहे. पुन्हा तशी करू नकोस.

गाठ नाही हे वाचून मी पत्र खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि मग पुढे वाचलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

आता मुद्द्याचं. डॉक्टर पंधरा मिनिटं बघतात. उरलेला दिवस तुझ्याबरोबर तूच असतेस. आठ दिवस वही ठेव. उठल्यापासून झोपेपर्यंत काय पोटात गेलं, किती वाजता, जळजळ कधी झाली, आवाज कधी फाटला, सगळं लिही. मला वाटलं, अंदाजे, नेहमीप्रमाणे, असले शब्द नकोत. तीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत अशा वह्या तपासल्या आहेत. मला थाप लगेच कळते.

माझ्या पोटाने दोन वर्षं छळलं ते तुला माहीत आहे. शेवटी गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, पण नीट प्रश्न विचारते. आतड्याला पेटके येतात म्हणाली आणि लिहून काय दिलं, तर पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल. मला हसू आवरेना. मी म्हटलं, बाई, माझे वडील पेपरमिंटच्या गोळ्या करत. मधला भाऊ अजून करतो. आम्ही तिघं त्या वासात वाढलो. ती म्हणाली की मग तुम्ही दोन वर्षं दुखणं काढलंत कशाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तेल आतड्याच्या स्नायूंना सैल करतं, तिढा सुटतो, असं तिचं म्हणणं. बघते.

वही विसरू नकोस. प्रकृतीला जप, मला जपायला लावू नकोस.

तुझी ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही सोबत जोडली आहे. गुरुजनांना घाबरून मी इतकी खरी वही शाळेतही लिहिली नव्हती.

पहाटे चारला कोमट पाणी, साडेचारला चहा आणि पाव. सहा ते दहा लिलाव. बाराला जेवण, साधं, तिखट नाही. चारला पुन्हा चहा. रात्री आठला सूप. बुधवारी एक मनुका खाल्ली, तीही लिहिली आहे. मंगळवारी पुकारताना तोंडात माशी गेली, तिची वेळ सहा वाजून चाळीस मिनिटं. आता तरी थाप म्हणू नकोस.

जळजळ मात्र दिवसभर, आठही दिवस. कुठल्याच खाण्याशी तिचा मेळ बसत नाही. शनिवारी निशिगंधाच्या गाड्या पुकारताना आवाज मध्येच गेला. ओठ हलतायत आणि आवाज नाही. शेडमध्ये दीडशे माणसं आणि सगळी माझ्याकडे बघतायत. गुलाबवाल्यांनी उठून माझ्या हातातला कागद घेतला आणि पुढचे आठ आकडे त्यांनी वाचले. मी मान खाली घालून उभी. ताई, मला खिडकीतल्या खुर्चीवर बसायचं नाही. मला दुसरं काही येतच नाही.

तू दादाला पत्र लिहिशील तेव्हा एक ओळ घाल. त्याची डबी संपत आली आहे, पुढची लवकर पाठवायला सांग. हल्ली एक डबी चार दिवसही पुरत नाही.

लोभ ठेव, आणि वहीला गुण किती दिलेस ते कळव.

धाकटी (खोड हवं तर)


३० जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

वहीला शून्य गुण. माशी लिहिलीस, मनुका लिहिलीस. चार दिवसांत अख्खी डबी संपवतेस, त्यातली एकही गोळी यादीत नाही.

तुला दोष देण्याआधी माझी चूक सांगते. त्या कॅप्सूलवर जाड कवच असतं. ती चावायची नाही, फोडायची नाही, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण माझ्या हाताला सवय आहे, आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी काही वापरत नाही. मी कात्रीने कॅप्सूल कापली, तेल कोमट पाण्यात घातलं आणि प्यायले. वीस मिनिटांत छातीच्या मधोमध जळजळ, तोंडात आंबट पाणी, आणि सकाळी घशात भुसा भरल्यासारखं. भुसा हा शब्द माझा नाही, तुझा आहे. मी तुझं पहिलं पत्र काढून वाचलं आणि खुर्चीवरून उठून उभी राहिले.

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. म्हणून एकेक दिवस सोडून आणखी दोनदा तेच केलं. दोन्ही वेळा तेच झालं. मग डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मुकाट्याने बोलणी खाल्ली. तिने समजावलं ते असं. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक झडप असते, ती आम्लाला वर येऊ देत नाही. पेपरमिंट स्नायू सैल करतं, आणि त्याला आतडं कुठलं, झडप कुठली, हे कळत नाही. कवच असलं की तेल थेट आतड्यात उतरतं. नसलं की वरची झडपच ढिली पडते. म्हणजे ज्या गुणाने माझं पोट सुधारतं, त्याच गुणाने तुझा घसा भाजतोय. कॅप्सूल अख्खी गिळायला लागल्यापासून माझा मुरडा थांबला आहे, हेही खरं.

तू गोळी चघळतेस, थंड वाटतं, जळजळ विसरतेस, झडप उघडी राहते, आम्ल वर येतं, आणि तू पुढची गोळी तोंडात टाकतेस. पेपरमिंट हे आपल्या घरात कोणी खाणं समजलंच नाही. हवा समजलो आपण त्याला. डॉक्टरांनी काय खाता विचारलं, आणि तू हवेचा हिशेब दिला नाहीस.

उद्या डबी घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या टेबलावर ठेव. औषध चालू राहू दे. रात्रीचं सूप सहाला घे, आडवी होण्याआधी तीन तास जाऊ देत. आणि आजपासून एकही गोळी नाही. अर्धीही नाही. बारा मार्चला सहा आठवडे आहेत. पुरतील.

दादाला मी लिहिते आहे.

आज्ञा पाळशील ही खात्री आहे, नसली तरी तसंच समजते.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दीड महिन्याने तुझं पत्र आलं, ते आरोपपत्र निघालं.

बाबांनी चाळीस वर्षं ही गोळी केली. साखर आणि डिंकाची कणीक मळून शेवटच्या क्षणी तेल घालायचं, लाटायचं, छापाने पाडायची, आणि प्रत्येक घाण्याची एक गोळी स्वतः जिभेवर ठेवून श्वास आत ओढायचा. थंडावा कानामागे पोचला तरच माल डबीत. मीही तेच करतो. डबीवर काय लिहिलं आहे ते तुला पाठ आहे: घसा, छाती, पोट, डोकं, चौघांचा एकच मित्र. परीक्षेच्या पेपरांनी तुझं डोकं धरायचं तेव्हा कपाळाला तेल लावून कोण पडून राहायचं? तेव्हा झडप आठवली नाही.

धाकटीसाठी मी जागून, चाळणी बदलून, दुप्पट तेलाचा वेगळा घाणा काढला. आणि तू लिहितेस की मी तिचा घसा भाजला. तू शिकलेली आहेस, तुझ्याशी वाद घालण्यात मी लहानपणापासून हरतोय. पण डबी मी पाठवली आहे. ती उघडायची की नाही, ते ती ठरवेल.

राग मानू नकोस. मी मानला आहे तेवढा दोघांना पुरेल.

मधला


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांच्या टेबलावर डबी ठेवली. ते आधी हसले, मग चिडले. इतक्या दिवसांत हे सांगितलं का नाही, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही काय खाता ते विचारलंत, हे कुठे विचारलंत? त्यांनी कागदावरच्या आपल्या यादीत खाली स्वतःच्या हाताने पेपरमिंट लिहून घेतलं. माझ्यामागून येणाऱ्यांना आता विचारतील.

पहिले दहा दिवस काही फरक नाही. जीभ वेडी झाली होती. हात आपोआप खिशात जायचा आणि रिकामा परत यायचा. त्या दिवसांत मी तुझ्याबद्दल काय काय बोलले ते या कागदावर मावणार नाही. बरं झालं आवाज नव्हता. त्यातच दादाची डबी आली. पाऊण तास ती समोर ठेवून बसले. वास कागदातून येत होता, आणि बाबांच्या हाताला यायचा तसाच येत होता. शेवटी न उघडता परत पाठवली. जन्मात पहिल्यांदा दादाची वस्तू परत केली. सोबत चिठ्ठी लिहिली की तुझ्यावर राग नाही, बारा मार्चची भीती आहे. त्याचं उत्तर नाही.

अठराव्या दिवशी सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, तोंड आंबट नाही. कालपासून सत्तर गाड्या पुकारता येतात. आज गुलाबवाले पहिल्या बाकावरून उठून तिसऱ्यावर बसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पण सत्तर म्हणजे दोनशे नव्हेत, ताई. मोठ्या लिलावाला दोनशे गाड्या येतात.

लोभ आणि दरारा, दोन्ही असू देत.

धाकटी


४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही हार समज किंवा निकाल समज.

धाकटीने डबी न उघडता परत पाठवली. ती मी तीन दिवस कारखान्यातल्या मळायच्या टेबलावर तशीच ठेवली. चौथ्या दिवशी शिवणकामवाल्या बाई आल्या. त्या गेली सहा वर्षं दर आठवड्याला छातीच्या जळजळीसाठी गोळ्या नेतात. आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक, असं मी अभिमानाने सांगायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की औषध लागू पडत असतं तर ही बाई सहा वर्षं कशाला आली असती?

मी त्यांना म्हटलं, दोन आठवडे गोळी बंद ठेवून बघा. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. दुकानदार कधी गिऱ्हाइकाला परत पाठवतो का, म्हणाल्या, आणि रागाने गेल्या. काल आल्या. जळजळ जवळपास गेली आहे. वर मला ऐकवलं की हे सहा वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं. मग डोकं चढलंय म्हणून कपाळाला लावायला तेल घेऊन गेल्या. त्यासाठी ते चालतं, एवढं तरी तू मान्य करशील.

डबीचा छाप बाबांनी पितळेत कोरून घेतला होता. काल कानस घेऊन बसलो आणि छाती हा शब्द घासून काढला. दोनदा कानस खाली ठेवली, खोटं कशाला बोलू. चौघांचा मित्र आता तिघांचा झाला. घसाही काढावा की काय, यावर तुझं मत हवं. खाली नवी ओळ घालतोय: छातीत जळजळ होणाऱ्यांनी खाऊ नये, तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ तेल नेऊ नये. दुसरी गोष्ट बाबा तोंडी सांगायचेच. वाक्य लाल पेनने तपासून पाठव.

लोभाचा घाणा जुन्याच मापाने चालू आहे.

मधला


८ मार्च

चि. मधल्यास आणि चि. भोंग्यास,
दोघांना एकाच मजकुराची दोन पत्रं लिहिली आहेत, अनेक आशीर्वाद.

मधल्या, घसा राहू दे. सर्दीने घसा धरला तर थंडाव्याने बरं वाटतं. आम्लाने धरला तर वाईट. तुझ्या खालच्या ओळीने तो फरक सांगितला आहे. वाक्यात सुधारणा काही नाही. पितळेवर कानस चालवायला मला जमलं नसतं. बाबांनी घाणा बिघडला तर अख्खा फेकून दिलेला आपण पाहिला आहे. त्यांनीही हेच केलं असतं. तुझ्या मालाला दोष नव्हता, म्हणूनच तो एवढा लागू पडला. माझं पोट त्याची साक्ष आहे.

भोंग्या, अकरा तारखेला सहाच्या आत जेव. सकाळी आरडाओरडा करून आवाज तपासून बघू नकोस. रडू नकोस, रडण्यानेही घसा सुजतो. पहिल्या पन्नास गाड्या जपून पुकार, उरलेल्या कशाही पुकार.

मी येत नाही. मी समोर असले की तू माझ्याकडे बघून वाचशील.

निकालाची वाट बघते.

तुझी ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनशे अकरा.

दोनशे येणार होत्या, अकरा जास्त आल्या. सहाला सुरू केलं. तू सांगितलंस तशा पहिल्या पन्नास जपून पुकारल्या. कार्नेशन, शेवंती, मग लिली. सत्तराव्या गाडीला कागद घट्ट धरला, कारण तिथवरचा रस्ता मला माहीत होता, पुढचा नव्हता. एकाहत्तरावी पुकारली. आवाज होता. शंभरावीला होता. दीडशेला मी घाबरायचं विसरले आणि गुलाबांच्या गाड्या आल्या तेव्हा, ताई, मी हात कमरेवर ठेवून तो आवाज सोडला, जो लहानपणी सोडला की तू दोन खोल्या पलीकडून चप्पल फेकायचीस. पत्रा दणाणला. छपरातली कबुतरं उडाली. बाहेर गाड्या उतरवणारे लोक आत डोकावून बघायला लागले.

मध्येच दाराकडे लक्ष गेलं, तर दादा. न सांगता आला होता. खिशाला डबीचा फुगवटा. वाटलं, आता हा पुढे येऊन ती माझ्या हातात ठेवतो. नाही आला. शेवटची गाडी होईपर्यंत तिथेच, फुलांच्या टोपल्यांना रस्ता देत उभा राहिला. नंतर अध्यक्ष पोट दाबत माझ्याशी बोलायला आले. घाईत जेवल्यावर त्यांचं पोट नेहमी फुगतं. दादाने त्यांना आधी छातीत जळजळ होते का असं तीनदा विचारलं, नाही म्हटल्यावर चौथ्यांदा विचारलं, आणि मगच डबी उघडली. नव्या छापाची होती. छाती गेलेल्या जागी पितळ जरा खोल गेलंय, तिथे शाई गडद उठते. मला तो डाग फार आवडला.

अध्यक्षांना ढेकर आली आणि बरं वाटलं. मग त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की फलक टांगू, पण बाहेरच्या भिंतीवर, लिलावाच्या वेळा दाखवायला. खुर्चीचं नाव कोणी काढलं नाही. दादा माझ्याशी बोलला ते एवढंच, की परत पाठवलेल्या डबीतल्या गोळ्या त्याने पुन्हा घाण्यात घातल्या नाहीत, डबी तशीच ठेवून दिली आहे. मग मला घेऊन गेला आणि दोघं पोटभर जेवलो. मी आडवी झाले ती तीन तासांनी, घड्याळ लावून.

आता खरं सांगायचं ते सांगते. लिलाव संपला, मी पाण्याचा घोट घेत होते, आणि गुलाबवाले आले. चार महिन्यांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. काल ते पहिल्या बाकावर बसले होते; मुद्दाम, असं नंतर कळलं, आवाज मध्येच गेला तर कागद घ्यायला कोणी जवळ हवं म्हणून. त्यांनी कानात बोट घालून हलवलं आणि म्हणाले की बाई, इथे बसून कानठळ्या बसल्या, उद्यापासून मी आपला मागे जातो.

आज सकाळी ते शेवटच्या बाकावर होते, खांबाला टेकून. मी पहिली गाडी पुकारली. त्यांनी तिथूनच हात वर केला.

लोभ कर, आणि आता ही सही खोडून दाखव.

तुझा
भोंगा